निळाईचे कारण

फेब्रुवारी सरत आला की आपल्याकडे वर्षाचीच उतरण लागते. माघ संपतो, फाल्गुन येतो. पळस पानांविना पेटतो, आंब्याचा मोहर झडून बारीक कैऱ्या धरू लागतात, उन्हाला एक कोरडी चमक येते, आणि पाडवा आता फार लांब नाही हे थोरामोठ्यांना दिनदर्शिका न पाहताही कळते. जुन्या वर्षाचा जमाखर्च मांडण्याचे हे दिवस. त्यातच दोन तारखा एकमेकींना खेटून येतात. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, आपण मराठी भाषेचा गौरव करतो. ग्रंथदिंडीची पालखी निघते, लेझीम होते, कवितांचे वाचन होते. त्या मांडवाचे दोर सुटतात न सुटतात तोच दुसरा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून उगवतो. भाषेच्या दिवसाला आपण मनापासून हजर असतो. विज्ञानाच्या दिवसाला बहुधा शाळकरी मुले, त्यांचे शिक्षक आणि खाण्याचा सोडा घातलेले मातीचे ज्वालामुखी एवढेच हजर असतात. संध्याकाळी ज्वालामुखी शांत होतो, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि विज्ञान पुन्हा वर्षभरासाठी क्रमिक पुस्तकात जाऊन बसते.

हा दिवस कोणाच्या जन्माचा नाही, कोणाच्या पुण्यतिथीचाही नाही, हे त्याचे वेगळेपण आपल्या सहसा लक्षात येत नाही. थोर माणसांच्या जयंत्यांनी आणि पुण्यतिथ्यांनी भरलेल्या आपल्या वर्षात एका निरीक्षणाला वाहिलेली ही तारीख. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्याच्या बोबाजार रस्त्यावरील ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वर्णपटदर्शकातून एक फिकट रेषा पाहिली. १९८६ मध्ये केंद्र सरकारने हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून ठरवला आणि १९८७ पासून आपण तो पाळत आलो आहोत. पण त्या फिकट रेषेपर्यंत पोचण्याची वाट आपल्या मुंबईवरून गेलेली आहे, आणि ती वाट पाहण्यासारखी आहे.

१९२१ च्या सप्टेंबरात रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. बोटीचे नाव ‘एस. एस. नरकुंडा’. भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून त्यांच्या मनात आलेला प्रश्न कोणत्याही लहान मुलाने विचारावा असाच होता : समुद्र निळा का? उत्तर तयार होते, आणि ते लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मातब्बर शास्त्रज्ञाचे होते. आकाशाच्या निळ्या रंगाचे कारण ज्यांनी सांगितले त्याच रॅले यांचे म्हणणे असे की, समुद्राची निळाई ही आकाशाचे पाण्यातले प्रतिबिंब. बोटीवरच्या बाकीच्या उतारूंप्रमाणे रामन यांनाही ते मान्य करून डेकवरच्या खुर्चीत पडून राहता आले असते. त्यांनी निकोल लोलक काढला, पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन येणारा प्रकाश त्याने एका विशिष्ट कोनातून अडवला आणि पाहिले. आकाशाचे प्रतिबिंब पुसले गेले. निळाई मात्र गेली तर नाहीच, उलट अधिक खुलली. ती पाण्याच्या स्वतःच्या रेणूंकडून येते, प्रकाशाच्या विकिरणातून, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हे लिहून काढून त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पत्र धाडले. त्या पत्रावर ठिकाण आणि तारीख आहे ती अशी : मुंबई बंदर, २६ सप्टेंबर. उतारू आपापले सामानसुमान गोळा करीत असतील, हमालांचा गलबला चालू असेल, आणि एक माणूस समुद्राच्या रंगाविषयीचे पत्र पुरे करीत असेल. गेट वे ऑफ इंडियावर सेल्फी काढताना आपल्यापैकी किती जणांना या पत्राची आठवण होते?

पुढची सात वर्षे त्या एका प्रश्नाच्या मागे गेली. रामन यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना १९२३ मध्येच शुद्ध पाण्यात एक वेगळाच क्षीण प्रकाश दिसला होता. पाण्यात काही मळ राहिला असावा म्हणून ते पुन्हा पुन्हा शुद्ध करून पाहिले, तरी तो प्रकाश जाईना. ज्या गोष्टीचे कारण लागत नाही ती टाकून न देता जपून ठेवावी लागते, तशी ती ठेवली गेली. १९२८ च्या सुरुवातीला के. एस. कृष्णन यांनी एकामागून एक द्रव तपासले आणि प्रत्येकात तेच दिसले. एका रंगाचा प्रकाश द्रवातून पाठवला तर बहुतेक सगळा तसाच बाहेर येतो. अगदी थोडा अंश मात्र रंग बदलून येतो, आणि तो किती बदलतो हे त्या द्रवाच्या रेणूंची थरथर ठरवते. दोन वर्षांत, १९३० साली, रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उपकरणांचा खर्च दोनशे रुपयांच्या आसपास होता असे सांगतात, आणि आपल्याला तोच किस्सा फार आवडतो. स्वस्तात नोबेल! पण त्या किश्श्यात संस्था विसरली जाते. १८७६ साली डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी वर्गणी गोळा करून जी संस्था उभारली, तिचे दार दिवसभर अर्थखात्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण मद्रासी अधिकाऱ्याला कचेरी सुटल्यावर उघडे मिळाले, ही त्यातली महाग गोष्ट. पन्नास वर्षे कोणीतरी ते दार उघडे ठेवले होते.

आणि उपयोग? तो लगेच झालाच नाही. रंग बदलून येणारा तो प्रकाश इतका क्षीण असतो की, १९६० साली लेसर अवतरेपर्यंत त्याचा व्यवहारात मोठा वापर करणे अवघडच होते. आज तोच परिणाम विमानतळावर बाटली न उघडता आतला द्रव ओळखतो, औषधाच्या गोळीत खरोखर काय आहे ते सांगतो, रत्न अस्सल की नकली हे ठरवायला मदत करतो. आणि २०२१ च्या फेब्रुवारीत मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या गाडीवर तो तिथल्या खडकांची घटकद्रव्ये तपासतो आहे. समुद्र निळा का, या प्रश्नात यातले काहीच नव्हते. निसर्गाचे कारण शोधणे वेगळे आणि माणसाची अडचण सोडवणे वेगळे, पहिले हौसेचे आणि दुसरे कामाचे, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकतो. मग विज्ञान दिनाच्या भाषणात ‘संशोधन समाजोपयोगी असावे’ असे एखादा पाहुणा ठासून सांगतो आणि आपण टाळ्या वाजवतो. आंब्याची कोय लावणाऱ्याला पहिल्याच पावसाळ्यात कैरी मागावी, तसली ही मागणी असते. आपल्या याच समजुतीची या दिवशी थोडी झाडाझडती घ्यायला हवी.

रामन यांचे स्मरण करताना त्यांचा एक नकारही स्मरणात ठेवावा, कारण तो एका मराठी मुलीला दिलेला होता. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमला भागवत यांनी बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी. संचालक होते रामन. मुलगी आहे, या एका कारणासाठी त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई बंगळूरला जाऊन थडकल्या आणि हटून बसल्या. तो काळ सत्याग्रहाचा होता आणि शिकवण घरात मुरलेली होती. अखेर पहिले वर्ष परीक्षेचे, काम समाधानकारक वाटले तरच पुढे, असल्या अटींवर त्यांना आत घेण्यात आले. वर्षभरात काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार पुढच्या मुलींना उघडले. हे मत बदलणे आपण त्यांच्या खात्यावर जरूर जमा करू. पण अपमान कमलाबाईंचा झाला होता आणि तो त्या विसरल्या नाहीत, हेही त्याच पानावर लिहायला हवे. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली; विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. मुंबईला परतून कमला सोहोनी या नावाने त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये डाळी, भात आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. नीरा म्हणजे ताडामाडाचा पहाटेचा रस, सूर्य वर आला की आंबणारा. त्याच्यात जीवनसत्त्वे आणि लोह किती, आणि आदिवासी पाड्यांवरच्या कुपोषित मुलांना, गरोदर बायकांना तो देऊन काय फरक पडतो, हे त्यांनी मोजून दाखवले. त्यांच्या थोरल्या बहिणीचे नाव आपल्याला अधिक ओळखीचे आहे : दुर्गा भागवत. एकीने ‘ऋतुचक्र’ लिहून बारा महिन्यांचे रंग मराठीत आणले. दुसरी त्याच सृष्टीतल्या रसांची आणि दाण्यांची घटकद्रव्ये शोधीत राहिली. एका घरात या दोन्ही गोष्टी सुखाने नांदल्या. आपल्या दोन तारखा शेजारी असूनही एकमेकींशी बोलत नाहीत, तेव्हा या दोघी बहिणी आठवाव्यात.

रामन यांच्याच प्रयोगशाळेतली आणखी एक मुलगी पुढे आपल्या पुण्याची झाली. अन्ना मणी यांनी बंगळूरला हिरे आणि माणके यांच्या वर्णपटांवर काम केले. एकेका छायापट्टीला पंधरा-वीस तास प्रकाश द्यावा लागे, म्हणून रात्री प्रयोगशाळेतच निघत. एम.एस्सी.ची पदवी नाही या सबबीवर विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. नाकारली. त्या इंग्लंडला गेल्या, हवामानाची उपकरणे कशी बनवतात ते शिकून आल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. शिमल्याहून या खात्याचे मुख्यालय पुण्याला आले तेही १९२८ सालीच. शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’च्या चौकाला ते नाव पडले ते त्यामुळेच. स्वतंत्र देशाला साधा पर्जन्यमापकही परदेशातून मागवावा लागू नये, म्हणून मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे प्रमाणित आराखडे तयार करून घेतले. सदोष मापनापेक्षा मापन न केलेले बरे, अशी त्यांची शिस्त. पुढे देशभर सूर्यप्रकाशाच्या आणि वाऱ्याच्या नोंदी त्यांनी जमवल्या. पवनचक्क्या आणि सौरऊर्जा या शब्दांना बाजारभाव येण्याच्या कितीतरी आधीचे हे काम आहे.

मृगाचा पाऊस वेळेवर येणार की ओढ देणार, या प्रश्नावर आपली सगळी संस्कृती उभी आहे. त्या प्रश्नाच्या मागे लागूनच गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाने १९०४ पासून वीस वर्षे भारतीय हवामान खाते चालवले. १८७७ चा आणि शतकाअखेरचा दुष्काळ ताजा होता. वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले आणि प्रशांत महासागराच्या एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, हा झोका त्यांच्या हाती लागला. त्यांना हवा होता तो भरवशाचा अंदाज काही त्यांच्या हयातीत मिळाला नाही. पण आज एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातला शेतकरी पारावर बसून ‘एल निनो’चे नाव घेतो, तेव्हा तो त्याच आकडेमोडीचा वारस असतो. अंदाज अजूनही चुकतात. चुकला की आपण हवामान खात्याची टिंगल करतो. वादळाची सूचना वेळेवर मिळून कोळ्यांच्या होड्या किनाऱ्याला लागतात, ती बातमी मात्र आतल्या पानावर जाते.

अज्ञान असताना केवळ सत्तेच्या आणि धाकाच्या जोरावर संकट आवरू गेले तर काय होते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. तो प्लेगच आहे हे प्रथम ओळखले ते मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. घरे झडली गेली, माणसे छावण्यांत हलवली गेली, कपडेलत्ते जाळले गेले, मोऱ्यांत कार्बोलिक ओतले गेले. पुण्यात रँडसाहेबाच्या शिपायांनी देवघरापर्यंत बूट नेले आणि त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री काय झाली ते आपण इतिहासात वाचतो. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला खांद्यावर घालून त्यांनी आपले दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात आणले होते, आणि तो संसर्ग त्यांना भोवला. एवढी माया आणि एवढी दडपशाही एकाच गावात एकाच वेळी चालू होती, आणि रोग कशाने पसरतो हे दोन्हीकडे कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याच वेळी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत आणि तिच्या पडवीत वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू जीवाणुशास्त्रज्ञ रात्रंदिवस लस बनवीत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, अंग ठणकले, तो ते टिपत राहिला. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर ती वापरली गेली. ज्यांना टोचली आणि ज्यांना नाही अशा दोन गटांची तुलना झाली, आणि लस उपयोगी आहे हे दिसले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ मध्ये प्रयोगशाळा आली; १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. दरम्यान १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिनच्या माथी मारला गेला, त्याला बाजूला सारण्यात आले. ती बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे कागदपत्रांवरून सिद्ध व्हायला आणि त्याच्यावरचा डाग पुसायला १९०७ साल उजाडले. त्याच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस होते.

आणि प्लेग पसरतो कसा? गावात उंदीर पडू लागले की घरदार सोडून रानात झोपड्या घालून राहायचे, हे आपल्याकडच्या खेड्यांना अनुभवाने ठाऊक होते. उंदरांशी याचा संबंध आहे हे लोक पाहत होते. नेमका काय, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ मध्ये उंदरांवरच्या पिसवांवर प्रयोग करून दाखवले. त्याला कित्येक वर्षे हसण्यावारी नेण्यात आले. परळच्याच प्रयोगशाळेत १९०५ नंतर प्लेग आयोगाने गिनीपिगांवर काळजीपूर्वक प्रयोग केले, तेव्हा पिसवांवरचा आरोप कायम झाला. कारण कळल्यावर धडपड योग्य जागी वळली. त्याआधी माणसांवर जो जुलूम झाला त्यातला बहुतेक पिसवांना शिवलाही नव्हता. लोकांचे जुने निरीक्षण खोटे नव्हते. त्याची परीक्षा करायला कोणी बसले नव्हते, एवढेच. आपल्या परंपरेतले सगळे शहाणपण एकतर डोक्यावर घ्यायचे किंवा सगळेच भाकड म्हणून लाथाडायचे, या दोन टोकांमध्ये आज जो तंटा चालतो, त्याला हे उंदीर चांगले उत्तर आहेत.

कधी कधी संशोधन उपाय देत नाही, फक्त खरे काय ते सांगते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली. धरणाच्या जलाशयाने भूकंपांना चालना मिळते, याचे कोयनेइतके अभ्यासलेले उदाहरण जगात क्वचितच असेल. कऱ्हाडजवळच्या प्रयोगशाळेने तिथे तीन किलोमीटर खोल विवर घेतले आहे. भूकंप कधी होणार हे ते विवर अजून सांगू शकत नाही, आणि कोणी सांगतो म्हणाले तर विश्वास ठेवू नये. घरे कशी बांधावीत एवढे मात्र कळले आहे, ते पाळणे आपल्या हाती आहे.

सगळ्यात जवळचे उदाहरण गडचिरोलीचे. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली तिथे ‘सर्च’ संस्था काढली तेव्हा त्या भागात हजारी सव्वाशेच्या आसपास बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. डॉक्टर नव्हते, रस्ते नव्हते, आणि न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप घालून बसणारे कोणी नव्हते. मग प्रश्न असा उरला : ज्या दाईला साठापर्यंत मोजता येत नाही तिने बाळाचा श्वास मोजायचा कसा? उत्तर म्हणून एक लाकडी चौकट आली. तिच्यावर एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाच्या पोटाकडे पाहायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचे. झोपडीतल्या उजेडात, मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या निरक्षर बाईच्या बोटांत हे यंत्र चालले. ते चालते की नाही हेही गृहीत धरले नाही. तिचे निदान आणि डॉक्टरचे निदान ताडून पाहिले.

पुढे नवजात बाळांचा अभ्यास झाला. बाळे पहिल्या महिन्यातच का जातात, हे घरोघर जाऊन नोंदवले गेले : जंतुसंसर्ग, कमी वजन, गारठणे, जन्मतः श्वास न लागणे. बाळंतिणीच्या खोलीतल्या कित्येक जुन्या रीती, म्हणजे पहिला चीक पिळून टाकणे किंवा लगेच आंघोळ घालणे, त्या यादीत आपसूक आल्या. एकोणचाळीस गावांत आरोग्यदूत म्हणून गावातल्याच बायका तयार झाल्या. शेजारची सत्तेचाळीस गावे तुलनेसाठी होती. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापले. २०११ पासून देशभरातल्या आशाताई ज्या घरभेटी देतात, त्यांच्या मुळाशी हे काम आहे. २००१ मध्ये आलेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने सरकारी नोंदीतले बालमृत्यू आणि प्रत्यक्षातले बालमृत्यू यांतली तफावत दाखवली तेव्हा मंत्रालय हलले होते. हे काम आधी मोजण्याचे आहे आणि मग उपचाराचे. मृत्यूची नोंदच नसेल तर तो टाळायचा कसा?

बोटीवरचा लोलक, पुण्यातला पर्जन्यमापक, भायखळ्यातले दोन गट, गडचिरोलीतले मणी. या सगळ्यांत एकच माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. तो तयार उत्तरावर समाधान मानत नाही, मोजतो, लिहून ठेवतो, आणि स्वतःचे म्हणणे खोटे ठरवायची संधी दुसऱ्याला देतो. अशी माणसे एकेकटी उगवत नाहीत. त्यांना उघडे दार लागते, पगार लागतो, आणि चार-पाच वर्षे ‘काय निष्पन्न झाले?’ असे न विचारणारा कोणीतरी लागतो. देश म्हणून आपण संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्काही खर्च करीत नाही. २०२०-२१ साली हा आकडा ०.६४ टक्के होता. त्यातलाही मोठा भाग सरकारी तिजोरीतून येतो. आपले उद्योगपती देवळांच्या कळसांना सोने देतात तितक्या सहज प्रयोगशाळेला देणगी देत नाहीत. हे चित्र पालटायला हवे, आणि ते सरकारने पालटावे असे म्हणून आपली सुटका होत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे राज्यघटनेने १९७६ च्या दुरुस्तीपासून प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. कर जसा सरकारने भरायचा नसतो, तसे हे कर्तव्यही.

सुरुवात कोठून करायची हे जयंत नारळीकरांनी दाखवून ठेवले आहे. मुले सही मागायला वही पुढे करीत तेव्हा ते सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल, असे सांगत. आणि उत्तरे जात. मराठीत विज्ञानकथा लिहिणारा, साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला हा खगोलशास्त्रज्ञ २०२५ च्या मे महिन्यात गेला. त्यांनी उभारलेली पुण्याची ‘आयुका’ विज्ञान दिनी सर्वांना खुली असते, आणि जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अँटेनांखाली त्या सुमारास गावोगावच्या शाळांची प्रदर्शने भरतात. तिथे मुलांना घेऊन अवश्य जावे.

पण जत्रा एका दिवसाची, शाळा वर्षभराची. आपल्या गावातल्या, वॉर्डातल्या शाळेत काचेचे एक कपाट असते. त्यात फॉर्मॅलिनमधला बेडूक असतो, न फुटलेली ब्युरेट असते, भिंग असते, लोलक असतो, आणि कपाटाला कुलूप असते. फुटले तर भरून कोण देणार, या धास्तीने ते वर्षानुवर्षे तसेच असते. होळी होईल, पाडवा होईल, परीक्षा आणि सुट्ट्या संपून जूनमध्ये शाळा उघडतील. पालक सभेला आपण जाऊच. तिथे गणवेशाचा रंग आणि सहलीची वर्गणी यांच्याआधी एक विषय मांडू या : त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, आणि आठवड्यातून किती तास ते उघडे राहणार? फुटलेल्या काचसामानाचे पैसे वर्गणी काढून आपण भरू.